नवीन चर्च सुरू करणाऱ्या तरुण पाळकाचा आठवडा प्रत्यक्षात कसा जातो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुम्ही २४ वर्षांचे आहात, बायबल कॉलेजला जायचा विचार चाललाय, आणि शून्यातून मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, उभी करणारे लोक रविवार सोडून करतात काय, त्यांचं घर कसं चालतं, हे कुणी धड सांगत नाही. जय ख्रिस्त. मला जमेल तसं सांगतो, क्रम लागेलच असं नाही.

पहिली गोष्ट, आमचा मोठा दिवस रविवार नसून गुरुवार आहे. यामागे कुठलाही ईश्वरशास्त्रीय वाद नाही, महावितरण आहे. पिंपरी-चिंचवडच्या भोसरी-चिखली पट्ट्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून लहान वर्कशॉपची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. आमच्याकडे येणारे बरेचसे याच वर्कशॉपमधले. कुणी प्रेसवर, कुणी सीएनसीवर, कुणी नुसताच हेल्पर. जालना, बीड, नगरकडून आलेले. रविवारी खाडा केला की दिवसाचा पगार गेला. सुरुवातीला मी रविवारी दहा वाजताची उपासना ठेवायचो, तेव्हा बायका, मुलं आणि दोन-चार म्हातारी माणसं यायची. गुरुवारी संध्याकाळी साडेसातला ठेवली आणि पुरुष दिसू लागले. साडेसात का, तर शेजारच्या दोन घरांत सातला स्वामींची आरती असते. ती झाली की आमची गीतं सुरू. गेल्या पावसाळ्यात एकदा त्यांची आरती लांबली, तर त्यांचाच मुलगा जिन्यापर्यंत येऊन सांगून गेला, "पाच मिनिटं थांबा हं."

आमच्या एक मावशी आहेत, वडाळा मिशनच्या. नेवासे तालुक्यातली ही जुनी मिशनची वसाहत, तिथली माणसं उपासनेच्या बाबतीत काटेकोर. त्यांनी मला सरळ विचारलं, "प्रभूचा दिवस बदलायचा अधिकार तुला कुणी दिला?" मी म्हटलं, दिवस बदलला नाही मावशी, वेळ वाढवली. मग रविवारी सकाळी सातला त्यांच्याच घरी छोटी उपासना ठेवली. गुरुवारचं त्यांना अजून पटलेलं नाही. तरी येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि सगळ्यांत मोठ्यानं गातात.

जागा म्हणजे पिठाच्या गिरणीवरचा पत्र्याचा हॉल. मे महिन्यात पत्र्यावर ओलं गोणपाट टाकावं लागतं. जोराचा पाऊस आला की संदेश, म्हणजे प्रवचन, ऐकूच येत नाही; मग मी पुस्तक मिटतो आणि पाऊस थांबेपर्यंत गात बसतो. खरं सांगायचं तर लोकांना हे जास्त आवडतं. दिवसभर मशिनसमोर उभं राहिलेल्या माणसापुढे पाऊण तासाचा संदेश देणं हा छळ आहे. कुणाला डुलकी लागली तर मी आवाज चढवत नाही. बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि एक तरुण झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. आमचा हॉल पहिल्या मजल्यावर आहे, पण धोका कशाला घ्या.

गाण्यांचं सांगायचं तर म्हाताऱ्यांना जुनी पदं हवीत, कॉलेजच्या पोरांना गिटार आणि हिंदी गाणी, आणि मराठवाड्यातून आलेल्या बायकांना ढोलकी-टाळ. नगरकडे ख्रिस्ती अभंग आणि कीर्तन ही शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचे अभंग आमच्या आज्यांना तोंडपाठ असायचे. ढोलकीवर अभंग सुरू झाला की खाली गिरणीत दळण घेऊन आलेली माणसं थबकतात. गिटारवर कुणी थबकलेलं मी तरी पाहिलं नाही. पोरांना हे सांगितलं की ती रागावतात, म्हणून गिटारही चालू आहे.

आता घर कसं चालतं ते. मी सोमवार ते बुधवार छोट्या दुकानदारांची जीएसटीची कामं करतो. पौल पोटासाठी तंबू शिवायचा, मी रिटर्न भरतो. महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे रिटर्नची मुदत, आली की माझ्याकडून चांगल्या संदेशाची अपेक्षा ठेवू नका. अर्पणातून हॉलचं भाडं, लाईट बिल आणि कुणाच्या अडीअडचणीला थोडंफार निघतं, पगार निघत नाही. "तुम्हाला परदेशातून पैसे येत असतील ना?" हा प्रश्न तुम्हाला सोसायटीच्या वॉचमनपासून लांबच्या मेव्हण्यापर्यंत सगळे विचारतील. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. पत्र्याखाली बसणाऱ्या मंडळीला एवढा व्याप परवडत नाही. आमचा साधा ट्रस्ट आहे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेला. हिशेब कुणी मागितला तर वही दाखवतो. मागणाऱ्याला दोन पानांतच कंटाळा येतो.

बाकीचा आठवडा माणसांत जातो, आणि त्यातला मोठा वाटा वायसीएममध्ये. पिंपरीचं हे पालिकेचं रुग्णालय आमच्या लोकांचं दुसरं घर आहे. प्रार्थना करायला म्हणून जायचं आणि कागदं करत बसायचं. आमच्या एका हेल्परच्या वडिलांना रात्री भरती केलं. ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसत होतं, पण रेशन कार्ड गावाकडे, जालन्यात, आणि तेही ट्रंकेत. ट्रंकेची किल्ली म्हाताऱ्याच्या कमरेच्या करगोट्याला, आणि म्हातारा आत आयसीयूत. गावातल्या चुलत्याला फोन लावला. त्यानं कुलूप तोडलं, कार्डाचा फोटो काढून पाठवला, तर नेमकं नावच घडीत फाटलेलं. पुन्हा फोटो. पहाटे तो टेम्पोवाल्याच्या हाती मूळ कार्ड देऊन मोकळा झाला. त्या रात्री मी प्रार्थना केली ती फार तर दोन वाक्यांची. पण तो हेल्पर नंतर आपणहून गुरुवारी येऊ लागला आणि आता तोच दुसऱ्यांची कागदं घेऊन वायसीएमला जातो. योजनेच्या काउंटरवरच्या लोकांशी त्याची माझ्यापेक्षा जास्त ओळख आहे.

धर्मांतराचं विचाराल, कारण सगळेच विचारतात. संविधानाच्या कलम २५ नं धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिलाय. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. मला यात काही अडचण वाटत नाही. विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणे देवाचा. आमिष दाखवायला आमच्याकडे चहा-बिस्किटांपलीकडे काही नाही, बिस्किटंही पारले.

खरी गुंतागुंत वेगळीच आहे आणि ती कॉलेजात शिकवत नाहीत. काही कुटुंबं वर्षानुवर्षं येतात, गातात, मुलांना संडे स्कूलला पाठवतात, पण बाप्तिस्म्याचा विषय निघाला की गप्प होतात. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंनाच होता. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला, ख्रिस्ती लोकांना मिळालेला नाही. म्हणजे बापानं बाप्तिस्मा घेतला तर पोरीचा राखीव जागेवरचा नर्सिंगचा प्रवेश धोक्यात. जात मात्र गावच्या पाणवठ्यावर तशीच राहते. मी त्यांना घाई करत नाही. "कागदावर एक आणि मनात एक ठेवा" असा सल्लाही देत नाही, तो देणारे भरपूर आहेत. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस बाप्तिस्मा झालेलेच घेतात; ते त्या वेळी मागच्या रांगेत बसून राहतात आणि मला दर वेळी ते टोचतं. यावर तोडगा माझ्याकडे नाही.

दुसरं एक पथ्य सांगतो. नवी मंडळी वाढते ती बहुतेक वेळा जुन्या मंडळीतून माणसं फुटून. आपल्यात त्याला मेंढरं पळवणं म्हणतात आणि सगळे हसण्यावारी नेतात. मी नेत नाही. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मधून किंवा आणखी कुठून कुणी आलं तर आधी त्यांच्या पाळकांना फोन करतो आणि दाखला आणायला सांगतो. यामुळे संख्या कमी राहिली. "किती येतात?" असं कुणी विचारलं की मी "पाऊस आहे का त्यावर" एवढंच सांगतो.

आणि हे पथ्य मरणाच्या वेळी उपयोगी पडतं. नवीन मंडळीकडे कबरस्तान नसतं. जी आहेत ती जुन्या मंडळ्यांच्या ताब्यात, आणि जागा कमी. माणूस गेला की पहिला फोन तिथल्या पाळकांना करावा लागतो. तुम्ही त्यांची कुटुंबं ओढली असतील तर तो फोन कसा कराल? आमच्यातले एक आजोबा गेले तेव्हा जुन्या चर्चच्या पाळकसाहेबांनी नुसती जागाच दिली नाही, स्वतः उभे राहिले आणि शेवटची प्रार्थना मला करायला लावली.

लग्नाचं पण ध्यानात ठेवा. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे आमच्यासारख्या नव्या मंडळीच्या पाळकाला लग्न लावायला सरकारी परवाना लागतो, आणि एरवी वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ हीच. पाळक म्हणून दीक्षा झाली म्हणजे परवाना मिळाला असं नाही. आमची लग्नं अजून परवानाधारक पाळकांना बोलावूनच होतात, मी फक्त बायबलमधलं वचन वाचतो आणि पंगतीत वाढतो.

कॉलेजचं म्हणाल तर जरूर जा. पुण्यातच युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, पूर्वी यवतमाळला होती, १९८३ मध्ये बिबवेवाडीला आली. ग्रीक शिका, मंडळीचा इतिहास शिका, ते वाया जात नाही. पण पोटापाण्याचं एखादं कौशल्य आधी हातात घ्या. वायरिंग, अकाउंट्स, रिक्षा, काहीही. ज्याचं घर अर्पणाच्या पेटीवर चालतं त्याला श्रीमंत सभासदाला नाही म्हणणं जड जातं.

लग्न झालं असेल किंवा ठरलं असेल तर फॉर्म भरायच्या आधी तिला विचारा, आणि नीट विचारा. माझी बायको शाळेत शिकवते, घरभाडं तिच्या पगारातून जातं. लोक तिला पाळकीणबाई म्हणतात आणि धरून चालतात की महिला मंडळ तीच घेणार, नाताळच्या करंज्या तीच करणार आणि रात्री अकराला कुणी दार वाजवलं तर चहा तीच टाकणार. तिनं पहिल्याच महिन्यात मला बसवून सांगितलं की पाळक तू झालास, मी नाही. चहा मी टाकतो. करंज्या सगळ्याजणी मिळून करतात. महिला मंडळ वडाळ्याच्या मावशींकडे आहे आणि तिथं वेळेवर न येणाऱ्यांची काही खैर नसते.