फिल्टर बदलला आणि ट्रॅक्टर बंद पडू लागला

प्रश्न : डिझेल फिल्टर बदलल्यापासून ट्रॅक्टर सुरू होतो, पण दोन मिनिटांत बंद पडतो. पंप गेला असेल का?

उत्तर : पंप खोलायची घाई नको. बहुधा डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरली आहे. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) एक-दोन आटे सैल करून हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) मारत राहा. फेस संपून अखंड धार आली, की प्रायमर न थांबवता स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपाच्या (इंजिनाला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाच्या) एअर स्क्रूवरही तेच करा.

पुन्हा हवा धरली, तर जुनी वॉशर किंवा दुमडलेली रबर रिंग तपासा. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) ही पाइप तर बाहेरून कोरडी दिसूनही फसवते. तिथे पंप ओढतो, त्यामुळे डिझेल गळण्याऐवजी हवाच आत शिरते.