सप्रेसरसाठी नळीला आटे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

.३०८ कॅलिबरची रायफल बनवून घेतोय. सप्रेसरसाठी (नळीच्या तोंडाला लावायचं, आवाज कमी करणारं नळकांडं) १/२-२८ आटे घेऊ की ५/८-२४?

५/८-२४. पहिला आकडा आट्यांचा बाहेरचा व्यास, इंचात. दुसरा, दर इंचाला किती आटे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. मधून ७.८ मिमीचं छिद्र गेलं आणि आट्यांची खोली वजा केली, की भिंत जेमतेम २ मिमी उरते. ५/८ ला ती साडेतीनच्या आसपास राहते. शिवाय १/२-२८ हे .२२ आणि .२२३ चं नेहमीचं माप. उद्या कुणी .२२३ चा सप्रेसर तुमच्या नळीवर फिरवला तर तो बिनबोभाट चढेल, आणि गोळीला मात्र पुढे वाट नसेल.

माझा सप्रेसर एम१४×१ चा (१४ मिमी व्यास, दर मिलिमीटरला एक आटा) आहे. नळीला ५/८ आटे पाडून मध्ये अडॅप्टर घातला तर?

नळी नवीच होतेय ना? मग आटे सप्रेसरच्या मापाचेच पाडून घ्या. अडॅप्टर म्हणजे वाकडं व्हायला आणखी एक जोड. ऑर्डरमध्ये ‘उजवे आटे’ असं स्पष्ट लिहा. एकेएमचे (कलाश्निकोव्ह रायफलचे) आटेही एम१४×१ च असतात, पण डावे. आणि या सगळ्याआधी कायदा पाहा. सप्रेसरला कुठे वेगळा परवाना लागतो, कुठे तो पूर्ण बंद आहे.

ओळखीचा लेथवाला डायने (नळीवर बाहेरून फिरवून आटे कापणाऱ्या साच्याने) आटे पाडून देतो म्हणतो. चालेल?

नको. लांब ड्रिल आत जाता जाता थोडं भरकटतंच, त्यामुळे छिद्राचा मध्य आणि नळीच्या बाहेरच्या अंगाचा मध्य एकच असेल याची खात्री नसते. डाय बाहेरच्या अंगाला धरून चालते; गोळी जाते आतून. जाणता गनस्मिथ छिद्रात नेमकी बसणारी पिन घालतो, तिच्यावर डायल गेज टेकवतो आणि काटा हलायचा थांबेपर्यंत नळी चकमध्ये जुळवत राहतो. आटे त्यानंतर, सिंगल पॉइंट टूलने, म्हणजे एकाच टोकाने कापणाऱ्या लेथच्या हत्याराने. जुळवणीलाच जास्त वेळ जातो, आणि पैसे त्याचेच असतात.

माझ्या मते आट्यांच्या मापापेक्षा खांद्याची, म्हणजे आटे संपतात तिथल्या पायरीची, चौकशी जास्त करावी. सप्रेसर सरळ राहतो तो आट्यांमागच्या खांद्यावर टेकून, म्हणून खांदा छिद्राच्या अक्षाशी काटकोनात हवा आणि पुरेसा रुंदही. तोंडाशी १६.५ मिमीच्या सडपातळ नळीला ५/८ आटे पाडले तर खांदा ०.३ मिमी उरेल. .३०८ ला नळी तोंडाशी जाडच मागवा. मध्ये क्रश वॉशर (घट्ट करताना दबणारी चकती) घालू नका, तो सगळीकडे सारखा दबत नाही. सप्रेसर चढवल्यावर, रायफल रिकामी आहे हे पाहून, अलाइनमेंट रॉड (छिद्रात नेमका बसणारा सरळ गज) नळीतून सप्रेसरपर्यंत घाला. सप्रेसरच्या पुढच्या छिद्रात तो एका बाजूला झुकलेला दिसला, तर एकही गोळी न झाडता रायफल परत न्या.

सप्रेसर असल्यावर कानाला काही नको ना?

हवंच. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर; .३०८ ची नेहमीची गोळी त्याच्या दुपटीहून वेगाने निघते. तिचा कडाका हवेत होतो, नळीच्या तोंडाशी नाही, म्हणून सप्रेसर तो दाबू शकत नाही.