मांदिंग भाषा कोणत्या लिपीत लिहितात? सुरुवात कुठून करावी?

पश्चिम आफ्रिकेतल्या मानिंका, बांबारा, द्यूला, मांदिंका या मांदिंग भाषा तीन लिप्यांत लिहिल्या जातात. शाळा आणि सरकारी कामात रोमन, जुन्या धार्मिक परंपरेत अरबी, आणि तिसरी खास त्यांचीच : न्को. माझं मत विचाराल तर न्कोपासूनच सुरुवात करा.

गिनीच्या सोलोमाना कांते यांनी ती 1949 मध्ये तयार केली. आफ्रिकी भाषा लिहिण्याजोग्या नाहीत, असं एका लेबनानी पत्रकाराने लिहिलेलं त्यांच्या वाचनात आलं होतं. आधी त्यांनी अरबी आणि रोमन लिपी वापरून पाहिल्या, पण भाषेतले सूर त्यांत नीट उतरेनात.

आणि खरी अडचण सुरांचीच आहे! बांबारात ‘बा’ म्हणजे नदी आणि ‘बा’ म्हणजे शेळीही. फरक फक्त आवाजाच्या चढ-उताराचा. न्कोमध्ये सूर आणि स्वराची लांबी अक्षरावरच्या खुणेने दाखवतात, नासिक्य उच्चारासाठी खाली टिंब देतात.

लिपी उजवीकडून डावीकडे जाते, अक्षरं एकमेकांना जोडलेली. स्वर सात, आणि आपल्या काना-मात्रांसारखे व्यंजनाला न चिकटता ते स्वतंत्र अक्षर म्हणून येतात. त्यामुळे देवनागरी वाचणाऱ्याला आधी जरा अडखळायला होतं. अंकही वेगळे, तेही उजवीकडूनच लिहायचे.

2006 पासून न्को युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे मोबाइलवर वाचता येते. आधी सात स्वर गिरवा, सुरांच्या खुणा लगेच सोबत घ्या. त्या नंतरवर ढकलू नका.