तासिकेबाहेरचं काम

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख झालास, फार बरं वाटलं. विभागात तू एकटा कायम आणि बाकी तिघं तासिका तत्त्वावर, हेही कळलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बऱ्याच कॉलेजांची आज हीच कथा आहे. अभिनंदनाचे फोन येऊन गेलेच असतील, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. वर्षभर तुझा विभाग ओढणार ती तिघं, आणि त्यांना पैसे मिळणार ते फक्त घेतलेल्या तासांचे.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 28 जानेवारी 2019 ला अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला 1500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असं मानधन सांगितलं. निवड मात्र नियमित सहायक प्राध्यापकासारखीच करायची, हेही त्यातच आहे. आपल्याकडचा तासिकेचा दर त्याच्याही खाली. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली, एखादी पीएच.डी. झालेली माणसं त्यावर राबतात. दर वाढवणं तुझ्या हातात नाही, पण त्यांचे तास बुडणार नाहीत हे बघणं नक्की आहे.

जुलैत रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात. तुझा पगार सुरू, त्यांची तासिका गेली. पाठोपाठ गणपतीची सुट्टी. नवं शैक्षणिक धोरण आपल्या राज्यातल्या संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून लागू झालं. त्यात अभ्यास क्रेडिटमध्ये, म्हणजे श्रेयांकांत मोजतात. एका क्रेडिटला थिअरीचे 15 तास, प्रॅक्टिकलचे 30. दोन क्रेडिटच्या थिअरी पेपरला 30 तास भरावेच लागतात. तेव्हा पावसात गेलेला प्रत्येक तास पुढे लावून घे. आठवड्याच्या तासांना मर्यादा असते, सगळं शेवटच्या पंधरवड्यात कोंबता येत नाही. म्हणून वेळापत्रक करतानाच गणपतीनंतर थोडी जागा मोकळी ठेव. आणि राजापूरहून एसटीने येणाऱ्या मॅडमना सकाळचा पहिला तास आणि दुपारचं शेवटचं प्रॅक्टिकल असं देऊ नकोस. मधले तास स्टाफरूममध्ये फुकट जातात, त्या वेळात मग कुणीतरी त्यांच्यापुढे नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली आणून ठेवतं. त्या फायलींना नाही म्हणायचं काम तुझं. त्यांना ते जमणार नाही, पुढच्या वर्षीची नेमणुकीची ऑर्डर निघायची असते.

मानधनाचं बिल महिनाअखेरीस तू स्वतः बघ. लेक्चर रजिस्टर आणि बिल यांत एका तासाचा फरक पडला तरी ऑफिस ते परत पाठवतं आणि पैसे आणखी लांबतात.

आता शिकवण्याचं. कायम झालेल्या नव्या प्राध्यापकाला महिनाभराचा इंडक्शन कार्यक्रम असतो. तासिकेवरच्या माणसाला खडू मिळतो आणि वर्ग कुठे आहे ते शिपाई दाखवतो. केंद्राच्या मालवीय मिशन या योजनेखाली सप्टेंबर 2023 पासून शिक्षक प्रशिक्षणाचे ऑनलाइन कार्यक्रम होतात. त्यांत यांना कशात बसता येतं ते वाचून बघ आणि प्राचार्यांची सही वेळेत घे. पण माझं मत विचारशील तर खरं शिक्षण विभागातच होतं.

सुरुवातीला त्यांना तुझ्या तासाला बसू दे, नंतर तू त्यांच्या तासाला बस, आणि येणार आहेस हे आदल्या दिवशी सांग. समज, विषय श्वसनमुळांचा आहे. मॅडम स्लाइड लावतील, व्याख्या वाचतील, मग फळ्याकडे तोंड करून मुळाचा छेद काढतील, आणि पाठमोऱ्याच विचारतील, "समजलं ना?" वर्ग एका सुरात "हो" म्हणेल. समोरच्या बाकांवर खाडीकाठच्या गावांतली मुलं असतात. भाट्याच्या खाडीत ओहोटीला तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखं काय वर आलेलं असतं, एवढं विचारलं तरी चार हात वर होतात. मग चिखलात हवा नसते हे मुलंच सांगतात आणि व्याख्या शेवटी आली तरी चालते. तास झाल्यावर चहा पिताना हे एवढंच बोल. त्याच दिवशी अक्षर, आवाज, हजेरी असं सगळं काढत बसलास तर त्या पुन्हा तुला वर्गात बसू देणार नाहीत, आणि तसं वागल्या तर मी त्यांच्याच बाजूने.

पेपर तपासणीचंही तसंच. पहिल्या अंतर्गत परीक्षेच्या चार-पाच उत्तरपत्रिका चौघांनी एकाच टेबलावर बसून तपासा. अर्धवट आकृतीला किती गुण, हे तिथे मिटलं की मुलांची निम्मी भांडणं मिटतात. हे सगळं त्यांच्या तासांना लागून ठेव, फक्त त्यासाठी कुणाला राजापूरहून बोलावू नकोस.

मूल्यवर्धन, कौशल्य, भारतीय ज्ञान परंपरा हे नवे पेपर सरसकट तासिकावाल्यांच्या गळ्यात मारायची पद्धत पडली आहे. निदान एक तू घे. प्रत्येकाला त्याच्या अभ्यासाचा एक तरी पेपर दे, आणि तो दोन वर्षं त्याच्याकडेच राहील असं बघ. दरवर्षी नवे टाचण काढून माणूस थकतो.

शेवटचं, अनुभवाचं प्रमाणपत्र. "अमुक वर्षी काम केले" एवढ्यावर सोडू नकोस. विषय, वर्ग, घेतलेल्या तासिका सगळं त्यात लिही, पुढे मुलाखतीत त्यांना तेच कामाला येतं. मार्चअखेर टाइप करून सही घेऊन ठेव. एप्रिलमध्ये ऑफिस परीक्षेत बुडालेलं असतं, आणि तोवर तुझ्या तिघांतला एखादा आंब्याच्या पेट्या भरायला लागलेला असतो.

तुझा,
सर