पावलावरची गँगलियनची गाठ काढावी की तशीच ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की पावलाच्या वरच्या बाजूला दोनेक सेंटीमीटरची गाठ आहे, डॉक्टर गँगलियन म्हणाले, आता सुईने पाणी काढावं की ऑपरेशन करावं. दुखत नसेल तर यातलं काहीच करू नका. मी डॉक्टर नाही, पण अशीच गाठ माझ्याही पावलावर होती.

सांध्याच्या किंवा स्नायूच्या दोरीवरच्या आवरणातून बाहेर आलेली ही एक पिशवी. कॅन्सरशी तिचा संबंध नाही. तिचा देठ आत सांध्याला जोडलेला असतो, म्हणून चालणं जास्त झालं की ती फुगते आणि आराम मिळाला की बसते. पुष्कळ गाठी आपोआप जिरतात, फक्त महिने, कधी वर्षंही जातात.

माझ्या डॉक्टरांनी दिवा मालवला आणि छोटा टॉर्च गाठीला बाजूने टेकवला. अख्खी गाठ लालसर उजळली. आत द्रव असला की असं दिसतं, भरीव गाठीतून उजेड जात नाही. तरीही शंका राहिली तर सोनोग्राफी करतात.

मी सुईने काढून घेतलं. आपण पाणी म्हणतो, पण सिरिंजमध्ये आलं ते केसांच्या जेलसारखं घट्ट आणि चकचकीत, म्हणूनच सुई जाड लागते. गाठ जागच्या जागी सपाट झाली. काही महिन्यांनी पुन्हा हजर! पिशवी आणि देठ आतच राहतात ना. सुईने काढलेल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त गाठी परत येतात, हे धरूनच चाला.

मला खरा आराम पडला तो बुटाने. लेस नेमकी गाठीवरून जात होती. तेवढ्या जागेची भोकं सोडून लेस ओवली, जीभ मऊ असलेले बूट घेतले, आणि टोचणं थांबलं. गाठ अजून आहे, लहान झालीय, आमचं भांडण नाही.

ऑपरेशनचा विचार केव्हा? बूट बदलूनही दुखत असेल, किंवा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये मुंग्या येत असतील तर. तिथली नस दाबली गेल्याची ती खूण असते. देठासकट काढली तर परत येण्याची शक्यता कमी होते, संपत नाही. शिवाय टाके, काही आठवडे जपून चालणं, आणि व्रण बुटाला घासतो तो वेगळाच.

जाड पुस्तक आपटून गाठ फोडायचा जुना उपाय कुणी सांगेलच. पावलाची हाडं बारीक असतात, नको. घरी सुई टोचणं तर त्याहून वाईट. तिथूनच धमनी जाते, आणि जंतू सांध्यापर्यंत पोचले तर भलतंच होऊन बसेल.

गाठ भराभर वाढत असेल, दगडासारखी कडक असेल, रात्री ठणकत असेल किंवा लाल, गरम झाली असेल तर मात्र थांबू नका. पायावरची प्रत्येक गाठ गँगलियन नसते. गाउटची, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साचून झालेली असू शकते, हाडाची वाढ असू शकते, आणि क्वचित कॅन्सरची गाठही गँगलियन समजून सोडली जाते. ऑपरेशन केलंच तर काढलेली गाठ लॅबमध्ये तपासायला पाठवणार ना, हे आधीच विचारून ठेवा.