४०० मिमी लेन्सने काढलेले पक्ष्यांचे फोटो धूसर का येतात?
गोंदियाकडील मामा तलावावर (माजी मालगुजारी तलाव) काढलेले आपले पहिलेच फोटो धूसर आले, असे आपण विचारले आहे; त्यात लेन्सचा दोष असण्याची शक्यता कमी आहे. एवढ्या लांब लेन्समध्ये हाताची बारीकशी थरथरही मोठी होऊन उमटते, म्हणून बसलेल्या बगळ्यासाठी किमान १/५०० आणि उडत्या पाणकावळ्यासाठी १/२००० सेकंद शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ) ठेवून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ऑटोवर सोडावा. आयएसओ वाढून दाणेदार झालेला फोटो चालतो, हललेला चालत नाही. ऊन चढल्यावर धुऱ्यांवरची (शेताच्या बांधांवरची) तापलेली हवा लहरू लागते आणि दूरचा पक्षी महागड्या लेन्सनेही स्पष्ट येत नाही, तेव्हा उजाडताच सूर्य पाठीशी घेऊन तलावाच्या पाळीवर (बांधावर) बसावे. फोकस डोळ्यावरच हवा. धानाच्या बांधीत (भातखाचरात) सारसाचे घरटे दिसल्यास मात्र, कितीही मोह झाला तरी, कृपया जवळ जाऊ नये. महाराष्ट्रात हे पक्षी आता फारच थोडे उरले आहेत.