सहाव्या अध्यायावरून भांडण्याआधी

प्रिय पोरी,

पत्र वाचलं. मैत्रीण कॅथलिक, तू प्रॉटेस्टंट, आणि मध्ये योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय. तिने ५३ वं वचन पुढे केलं : मनुष्याच्या पुत्राचा देह खाल्ला नाही आणि त्याचं रक्त प्यायलं नाही, तर तुमच्यात जीवन नाही. तू ६३ वं काढलंस : आत्मा जिवंत करतो, देहापासून काही लाभ नाही. मग दोघीही गप्प. ह्याच दोन वचनांवर तुमच्याआधी मोठमोठी माणसं भांडून बसली आहेत, तेव्हा निकाल लागला नाही म्हणून खट्टू होऊ नकोस.

पण तुमच्या वादात एक गल्लत आहे, ती आधी सोडवून घे. प्रश्न एक नाही, दोन आहेत. कफर्णहूमच्या सभास्थानात येशू जे बोलला (सहाव्या अध्यायातलं भाषण तेच) ते प्रभुभोजनाविषयी, म्हणजे त्याच्या शेवटच्या भोजनावरून आलेल्या भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीविषयी, होतं का, हा पहिला. प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचा देह खरोखर असतो का, हा दुसरा. पहिल्याला ‘हो’ म्हणणारा दुसऱ्यालाही ‘हो’च म्हणणार, असं तुम्ही दोघींनी धरून टाकलंत. प्रत्यक्षात तसं घडलेलं नाही.

जर्मनीत प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरचंच बघ. १५२० साली त्याने स्वच्छ लिहिलं की संस्काराच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, चर्चेतून हा सहावा अध्याय बाजूलाच ठेवा, तो त्याविषयी बोलतच नाही. आणि हाच ल्यूथर १५२९ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या हेस प्रांतात, मारबुर्गच्या वाड्यात स्विस सुधारक झ्विंग्लीसमोर बसला, तेव्हा त्याने टेबलावर खडूने लॅटिनमध्ये लिहून ठेवलं : ‘हे माझं शरीर आहे.’ भाकरीत देह आहे ह्यावरून तो तसूभर हलला नाही. फक्त त्यासाठी त्याला शेवटच्या भोजनातले शब्द पुरेसे वाटत होते. झ्विंग्लीने तुझंच ६३ वं वचन काढलं आणि म्हणाला, ह्या वचनाने तुमची मान मोडते. ल्यूथर उसळला : फार तोरा मिरवू नका, तुम्ही स्वित्झर्लंडात नाही, हेसमध्ये आहात, इथे माना इतक्या सहज मोडत नाहीत! तो नुसता वाक्प्रचार होता, अशी सारवासारव झ्विंग्लीला करावी लागली. १५ कलमांचा मसुदा झाला, आणि अडलं ते शेवटच्या कलमात, ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त भाकरीत व द्राक्षारसात देहरूपाने असतं का ह्यावर.

आता पलीकडची बाजू. १५१८ मध्ये आउग्सबुर्गला ल्यूथरची झाडाझडती घेणारा कार्डिनल कायेतान रोमचा पक्का माणूस. त्याचंही म्हणणं हेच की सहावा अध्याय विश्वासाने खाण्याविषयी आहे, संस्काराविषयी नाही. ह्यामागे बोहेमियाची (आजच्या चेकियातली) कटकट होती. तिथल्या यान हुस ह्या सुधारकाचे अनुयायी ५३ वं वचन अक्षरशः घेत होते : ‘रक्त प्या’ असं म्हटलंय ना, मग सामान्य भाविकाला द्राक्षारसाचा प्याला का देत नाही? लहान मुलांनाही द्या. कॉन्स्टन्सच्या परिषदेने १४१५ मध्ये सामान्यांना प्याला नाकारला होता, त्यामुळे हे वचन जितकं शब्दशः घ्यावं तितकं रोमलाच अडचणीचं होत होतं. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५६२ मध्ये शांतपणे दाखवून दिलं की त्याच अध्यायात नुसती भाकर खाणाऱ्यालाही सार्वकालिक जीवनाचं वचन आहे. आणि वाक्यात हळूच घातलं की ह्या भाषणाचे अर्थ धर्मपित्यांनी (पहिल्या शतकांतल्या शिक्षकांनी) आणि पंडितांनी वेगवेगळे लावले आहेत. भाकरीचं मूलतत्त्व बदलतं, हे त्याच परिषदेने ११ वर्षांआधी ठणकावून सांगितलं होतं. दुसऱ्या प्रश्नावर दार बंद, पहिल्यावर मात्र किलकिलं. मला हे वाक्य फार आवडतं.

आता मूळ मजकुराकडे ये, आणि वही घेऊन बस. ४० वं आणि ५४ वं वचन शेजारीशेजारी लिहून काढ. ४० मध्ये पुत्राला पाहून त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन आणि शेवटच्या दिवशी उठवण्याचं आश्वासन. ५४ मध्ये देह खाणाऱ्याला आणि रक्त पिणाऱ्याला नेमकं तेच. ३५ व्या वचनात आधीच सांगून झालंय की माझ्याकडे येणाऱ्याला भूक लागणार नाही, विश्वास ठेवणाऱ्याला तहान लागणार नाही. तुझ्या बाजूचा खरा आधार हा आहे. ६३ वं वचन झ्विंग्लीने टाकलं तेवढं ओझं पेलत नाही. ‘शब्द देही झाला’ म्हणणारं शुभवर्तमान, ‘जगाच्या जीवनासाठी मी देईन तो माझा देह’ असं ५१ व्या वचनात सांगून, बाराच वचनांनी त्याच देहाला निरुपयोगी कसं म्हणेल? मग क्रूसही निरुपयोगी ठरेल. तिथे बोलणं माणसाच्या निव्वळ ऐहिक समजुतीचं चाललंय.

मैत्रिणीचीही एक बाजू भक्कम आहे, ती नीट ऐकून घे. रक्त खाणं जुन्या करारातल्या लेवीयाच्या १७ व्या अध्यायात सक्त मना आहे. ऐकणारे यहुदी, सण वल्हांडणाचा जवळ आलेला. लोक कुरकुरायला लागल्यावर येशू शब्द मागे घेत नाही, उलट आणखी धारदार करतो, आणि पुष्कळ शिष्य सोडून जातात तेव्हा त्यांना थांबवतही नाही. शिवाय दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच अंत्युखियाचा बिशप इग्नाती काही लोकांवर ठपका ठेवतो की भोजन हा आपल्या तारणाऱ्याचा देह आहे हे ते मान्य करत नाहीत. इतक्या जुन्या श्रद्धेला मध्ययुगाचा शोध म्हणून उडवून लावता येत नाही. मला विचारशील तर ५० व्या वचनापर्यंत विषय विश्वासाचा आहे, आणि ५१ पासून भोजनाचा सूर त्यात मिसळतो. दर आठवड्याला भाकर मोडणाऱ्या योहानाच्या वाचकांना तो ऐकू आला नसेल, असं मानणं मला जड जातं.

धर्मपिता ऑगस्टिनचं वचन कुणी तोंडावर फेकलं तर सावध राहा. ‘विश्वास ठेव, म्हणजे तू खाल्लंसच’ हेही त्याचंच, आणि आधी आराधना केल्याशिवाय हा देह कुणी खात नाही, हेही त्याचंच. दोन्ही पक्ष त्याला आपापल्या अंगणात ओढतात.

आणि कॅथलिक शिकवण म्हणजे मांस चावणं, असं कधी म्हणू नकोस. भाकरीतला बदल नाकारणाऱ्या तूरच्या बेरेंगारकडून १०५९ मध्ये रोमला, भाविकांच्या दातांनी ख्रिस्ताचा देह चावला जातो, अशी शपथ वदवून घेतली होती, हे खरं. पण कॅथलिक पंडित थॉमस अक्विनासनेच पुढे स्पष्ट केलं की मोडणं-चावणं दिसणाऱ्या भाकरीरूपाचं होतं, ख्रिस्ताचं नव्हे. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विनही ‘नुसती खूण’ म्हणणाऱ्यांतला नव्हता. पवित्र आत्म्याच्या द्वारे आपण ख्रिस्ताच्या देहाने खरोखर पोसले जातो, असं तो मानत होता. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी बदल मानतात, पण तो कसा होतो ह्याच्या खोलात शिरत नाहीत, आणि बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही भोजन देतात. बोहेमियाचा तो प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न : तिच्याबरोबर मिस्साला (कॅथलिक उपासनेला) जाऊ का आणि पुढे जाऊन घेऊ का? जा. पण घेऊ नकोस. त्यांच्या नियमात प्रॉटेस्टंटांना ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजनाची भाकर) मृत्युसंकटात किंवा तशाच गंभीर गरजेत, तोही अटींवर, देता येतो, एरवी नाही. तुझा अपमान करायला केलेला हा नियम नाही. जिथे भाकरीला ख्रिस्ताचा देह मानतात, तिथे ती घेणं म्हणजे त्या श्रद्धेला ‘आमेन’ म्हणणं. रांग पुढे सरकली की जागेवर बसून राहा, कुणी काही म्हणत नाही. ल्यूथर आणि झ्विंग्ली यांच्या वारसदारांनाही एका मेजावर यायला १९७३ चा लॉइएनबर्ग करार उजाडावा लागला. घरी आलीस की ४० वं आणि ५४ वं ही दोन वचनं तिच्याही वहीत लिहून दे, आणि ती काय म्हणते ते मला कळव.

तुझा,
काका